गळतं तेव्हा जमत नाही, जमतं तेव्हा गळत नाही

थंडीत घराची कोणती कामं उरकून घ्यावीत, याच्या याद्या हल्ली नोव्हेंबर लागला की मोबाइलवर आपोआप उगवतात. त्या करणाऱ्याचं घर बहुधा बर्फात असतं. नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना कापड गुंडाळा, छपरावर साचलेला बर्फ खाली ओढा, धुराड्यातली काजळी काढा, अशी त्यातली कलमं. पुण्यातल्या खडकीच्या माणसाने ती वाचून कानटोपी खाली ओढावी आणि कूस बदलावी, यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरी सगळ्यांत कडाक्याची थंडी नोंदलेली आहे ती १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश सेल्सियस. म्हणजे इतिहासातल्या त्या सर्वांत पराक्रमी पहाटेलासुद्धा नळ गोठवायला जवळजवळ पावणेदोन अंश कमी पडले. आपल्या घराला थंडी बाधत नाही. ते पावसाळ्यात गळतं, उन्हाळ्यात तापतं आणि थंडीत ठणठणीत असतं. आणि ठणठणीत माणसाला दवाखान्यात नेण्याची आपल्यात पद्धत नाही. गोम इथेच आहे. घर दुरुस्त करायला हिवाळ्याइतका योग्य ऋतू महाराष्ट्रात दुसरा नाही, आणि घरात काही दुरुस्त करायचं आहे हेही हिवाळ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुठल्या ऋतूत विसरलं जात नाही. दोन्हींचं कारण एकच, हवेतला कोरडेपणा, असं प्रस्तुत लेखकाचं म्हणणं आहे. (गवंड्याची थापी या लेखकाने कधी हातात धरलेली नाही. थापांचा मात्र दांडगा सराव आहे, तेव्हा वाचकांनी युक्तिवाद ठोकून बघूनच घ्यावा.)

पहिला पुरावा गच्चीचा. आषाढात बेडरूमच्या छताला रुपयाएवढा डाग पडतो. श्रावणात तो ताटाएवढा होतो. भाद्रपदात गौरी-गणपतीला आलेले पाहुणे मान वर करून त्याची पाहणी करतात आणि 'आमच्याकडे याहून मोठा आहे' असा दिलासा देऊन प्रसाद घेतात. गवंड्याला बोलावलं तर तो डागाकडे न बघताच सांगतो, "आता हात लावण्यात अर्थ नाही. पाऊस थांबू द्या." त्याचं बरोबर असतं, भर पावसात माल धरत नाही. पाऊस थांबतो, दिवाळी होते, फोन जातो. "गळतंय का अजून?" "छे, आता कुठलं गळतंय!" "मग घाई कशाला करता? उन्हाळ्यात मस्त करून देतो." उन्हाळ्यात गवंडी लग्नसराईला गावी जातो, आणि तो परततो त्याच सुमारास मॉन्सूनही येतो. या संभाषणात खोटं कोणीच बोललेलं नाही, तरी छत पुन्हा गळतं. वास्तविक विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा तर पाऊस पुरता थांबलेला लागतो, आणि घातलेला माल किमान सात दिवस पाणी मारून ओला ठेवावा लागतो. मे महिन्यात सकाळी मारलेलं पाणी चहा होईपर्यंत उडून जातं आणि कोब्याला बारीक भेगा पडतात. शेवटी गच्चीच्या पाइपांची तोंडं बुजवायची, पाणी तुंबवून एक अख्खा दिवस तरी ठेवायचं आणि खालच्या छताला ओल उतरते का ते बघायचं. या सगळ्याला डिसेंबर-जानेवारीसारखे दिवस नाहीत. पाऊस जवळपास नसतोच, ऊन असतं पण भाजत नाही आणि गवंडी गावातच असतो. सगळं जुळून आलेलं असतं, फक्त गळती तेवढी जागेवर नसते.

यावर कोणी म्हणेल, विसरणं हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात एवढं काय? पण हे साधं विसरणं नाही. यात घर आपल्याला सामील असतं. ओल वाळताना मागे तपकिरी कड सोडते. दरवर्षीचा डाग बोटभर पुढे सरकतो, त्यामुळे एका कडेच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा रेषा उमटतात आणि मधोमध रंगाचा पोपडा छतापासून सुटून नुसता टेकून राहतो. बोट लावलं तर पांढरी पूड थेट उशीवर पडेल. म्हणून जानेवारीत त्याला कोणी बोट लावत नाही. उलट घरची मंडळी पलंग वीतभर सरकवतात. हाच डाग भिंतीवर असेल तर त्यावर कालनिर्णय टांगलं जातं, आणि मग वर्षभर त्यात एकादशी कधी आहे ते पाहिलं जातं, पण ते कशावर टांगलंय ते पाहिलं जात नाही. याला विसरभोळेपणा म्हणणं हा विसरभोळ्यांचा अपमान आहे. विसरभोळा माणूस चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो; तो चष्म्यापुढे कॅलेंडर लावत नाही.

दुसरा पुरावा इतिहासातला, आणि तोही खडकीचाच. दिवाळीआधी रंग काढायचा हा आपला रिवाज. पाऊस उघडून थोडे दिवस झालेले असतात, रंगारी भिंतीला तळवा टेकवून "एकदम सुकीए" असा निकाल देतो, आणि लांबी, प्रायमर, रंगाचे दोन हात असा साज चढतो. आत मात्र नऊ इंची भिंतीने चार महिने प्यायलेलं पाणी तसंच असतं. ते बाहेर पडायला महिने घेतं. रंगाने वाट अडवली की ते विटांमधले क्षार घेऊन रंगाच्या पाठीमागे येऊन बसतं, होळीपर्यंत फुगे येतात आणि गुढीपाडव्यापर्यंत पोपडे सुटतात. वरून कोरडं ते आतून कोरडं, या समजुतीची किंमत खडकीने फार पूर्वी मोजलेली आहे. तारीख ५ नोव्हेंबर १८१७, पेशवे आणि इंग्रज यांच्यातली खडकीची लढाई. दसरा झालेला, दिवाळी तोंडावर आलेली. हल्लीच्या हिशेबाने ऐन रंगकामाचा हंगाम. बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांच्या फळीवर भरधाव निघालं आणि मधल्या दलदलीच्या पट्ट्यात घोडे रुतले. दुसरे बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होते. त्या पराभवाची कारणं इतिहासकारांनी पुष्कळ दिली आहेत. त्यांत ढवळाढवळ करायचा इथे विचार नाही. एवढंच ध्यानात घ्यावं की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खडकीची जमीन आतून ओली होती. जिथे घोडदळ रुतलं तिथे डिस्टेंपरचं काय घेऊन बसलात? तीच स्वारी जानेवारीत निघाली असती तर इतिहास बदलला असता, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण तोच रंग जानेवारीत काढला असता तर टिकला असता, हे कोणताही रंगारी कबूल करतो. फक्त पैसे मिळाल्यावर.

"मग काय दिवाळीला घर रंगवायचं नाही? लोक काय म्हणतील?" हा पहिला मोठा आक्षेप. लोक दिवाळीत घरी येतात ते चकली खुसखुशीत झाली आहे का आणि मुलाचं लग्न कुठवर आलं आहे, हे बघायला. भिंतीकडे नजर जाते ती या दोन्ही विषयांत काही हाती लागलं नाही तरच. शिवाय पणत्यांच्या उजेडात सगळ्या भिंती सारख्याच गोऱ्या दिसतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: "पौषात कसली कामं काढता?" पौषात मंगलकार्य करत नाहीत हे खरं, पण गच्चीला कोबा घालणं हे मंगलकार्य आहे असं आजवर कोणत्याही पंचांगकर्त्याने म्हटलेलं नाही. त्याला आमंत्रणं छापत नाहीत, बँड सांगत नाहीत, मानपान नसतो आणि रुसवाफुगवा झालाच तर तो गवंडी आणि मालक यांच्यातच राहतो. उलट लग्नं नसल्यामुळे कार्यालयं रिकामी, नातेवाईक आपापल्या घरी आणि कारागीर हाताशी, ही पौषाची खरी सोय. याच दिवसांत धुंधुरमास येतो. सूर्य उगवायच्या आत उठून बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी हाणण्याची शिस्त ज्या समाजाने स्वखुशीने पाळली, त्याला नऊ वाजता उठून गच्चीच्या पाइपाच्या तोंडातली पिंपळाची रोपं उपटायला थंडी आडवी येते, हे पटत नाही.

तिसरा पुरावा खडकी-बोपोडीतल्या काय, कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत मिळेल. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ती बहुतेक ठिकाणी पावसाळ्याच्या शेपटाला भरते. गणपूर्ती चटकन होते, कारण ज्याच्याकडे गळत नाही असा सभासद विरळा. आदर्श उपविधींत तरतूद चोख आहे: बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधी. गच्चीतून येणारं पाणी संस्थेच्या खर्चात, घरातल्या नळ-संडासाचं ज्याच्या त्याच्या. त्यामुळे पाणी कोणाचं, यावर सगळी सभा पेटते. "तुमच्या बाथरूममधून येतंय." "छे हो, गच्चीतून उतरतंय." "माझ्यावर गच्ची नाही, तुम्ही आहात!" "मग ते गच्चीतून माझ्याकडे न थांबता तुमच्याकडे येत असेल." या दाव्याचा निकाल हिवाळा फुकटात देतो. जानेवारीतही डाग ओला असेल तर पाणी नळाचं. वाळला तर पावसाचं, म्हणजे गच्चीचं नाहीतर बाहेरच्या भिंतीच्या भेगेचं. ना वकील लागतो, ना यंत्र. छताला हात लावून बघायचा. पण नेमक्या निकालाच्या दिवशी वादी-प्रतिवादी दोघेही गैरहजर असतात. ज्याचा डाग वाळला तो म्हणतो, "मिटलं एकदाचं." ज्याच्या खालचा डाग वाळला नाही, तो जिन्यात भेटला तरी हवापाण्याविषयी बोलतो, त्यातही हवेविषयीच.

चौथा पुरावा दाराचा. पावसाळ्यात लाकूड हवेतला दमटपणा ओढून फुगतं आणि दार चौकटीत अडकतं. सगळ्यांत आधी अडकतं ते बाथरूमचं, आणि तेही आत पाहुणा असताना. खांदा, मग पाय, मग शेजारी, अशा चढत्या क्रमाने उपाय झाल्यावर सुतार येतो, रंधा मारतो, दार अलगद लागायला लागतं आणि सुताराला जास्तीचा चहा मिळतो. पौषात तेच लाकूड आकसतं. आता दाराला अशी फट पडते की बाहेरून हवा आणि आतून गुणगुणणं दोन्ही मोकळेपणाने जातात-येतात. शहाणपण असं सांगतं की दार थंडीत उतरवावं. त्याचा वरचा आणि खालचा काठ कोणी कधी रंगवलेला नसतो, कारण तो दिसत नाही, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. हे दोन काठ कोरड्या दिवसांत रंगवून घेतले की पुढच्या श्रावणात रंध्याची गरज बरीचशी संपते. पण जानेवारीत दार उघडतं, बंद होतं, कडीही लागते. चालू असलेल्या दारासाठी सुताराला बोलावणारा माणूस आपल्या समाजात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तर बायको विचारेल, "दुसरं काही काम नाही का तुम्हाला?"

या साऱ्यातून नियम निघतो तो असा: ज्या वस्तूला ज्या ऋतूत काम नसतं, त्या ऋतूत तिची डागडुजी करावी. पंख्याला तेलपाणी जानेवारीत, गिझरला मे महिन्यात. आपण काटेकोरपणे उलट वागतो. पंखा एप्रिलच्या पहिल्या उकाड्यात कुरकुरायला लागल्यावर आपण त्याच्या पात्यांवरची वर्षाची धूळ प्रथम पाहतो. गिझर आठ-नऊ महिने बंद ठेवून पहिल्या थंड पहाटे, अंगाला तेल लावून झाल्यावर, सुरू करतो. आतल्या कॉइलवर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर चढला आहे, हे तेव्हा कळतं. गॅस गिझरवाल्यांनी तर एवढं विनोद बाजूला ठेवून ऐकावं: थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करू नये, विषारी वायू कोंडून जीव जातात. बाकी सगळ्यांना मेकॅनिक एकच उत्तर देतो. "साहेब, आता नंबर लागलेत. आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न पंखेवाला, गिझरवाला, गवंडी आणि रंगारी असे चौघेही विचारतात, आणि चौघांनाही आपण एकाच आवाजात सांगतो, "आधी चालू होता हो!"

खडकीकरांना या बाबतीत सबबच नाही. गावाचं पोटपाणीच मुळी देखभालीवर चालतं. दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथे आहे, लष्कराची चिलखती वाहनं उघडून पुन्हा जुळवणारा ५१२ बेस वर्कशॉप इथे आहे. जिथे ठिणगी चालत नाही तिथे 'बिघडल्यावर बघू' हे वाक्य चालत नाही. तपासणी ठरल्या तारखेला, नोंद रजिस्टरात, खाली सही. छावणीत साहेब येणार असला तर झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढले जातात, रस्त्याकडेचे दगडसुद्धा पांढरे होऊन ओळीत उभे राहतात. आणि या शिस्तीत हयात घालवलेला माणूस घरी येऊन ठिबकणाऱ्या नळाखाली बादली सरकवतो आणि म्हणतो, "वाया तर जात नाही ना?" यावर आक्षेप असा की कामावर पगार मिळतो, घरी कोण देतं? मुद्दा पगाराचा नाही, तपासणीचा आहे. घराला साहेब नसतो. पत्नीने केलेली तपासणी रोज होते, पण तिची नोंद रजिस्टरात होत नाही आणि खाली सही करायला कोणी तयार नसतं. छावणीतल्या कित्येक जुन्या बंगल्यांची तर जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम तेवढं राहणाऱ्याचं. तिथे गळणारं पाणी जमिनीला लागेपर्यंत कोणाचं आणि लागल्यावर कोणाचं, हा प्रश्न सुटेपर्यंत दुसरा पावसाळा येतो.

"पूर्वीची माणसं बरी शहाणी होती, दरवर्षी कौलं चाळायची," असं म्हणणारेही भेटतात. चाळायची खरी, पण वैशाखात, आभाळ भरून आल्यावर, निम्मी कौलं अंगणात उतरवलेली असताना. मंगलोरात १८६५ मध्ये बासेल मिशनने कारखाना काढला आणि पुढे ती खाच्यात बसणारी कौलं सर्वदूर पसरली, तेव्हाही कौलं सरकवणाऱ्या मांजरांच्या भांडणांवर कारखान्याने काही इलाज दिलेला नव्हता. एवढं मात्र मान्य करायला हवं की कौलारू घर वर्षातून एकदा माणसाला छपरावर चढवत असे. स्लॅबच्या घरात माणूस गच्चीवर जातो तो पतंगासाठी, पापडासाठी आणि कोजागरीला. तिन्ही वेळा तो वर बघतो, पायाखाली नाही. राहिला शेवटचा बहाणा, कारागीर मिळत नाहीत हा. जुलैत मिळत नाहीत. "कुठवर आलात?" "निघालोच, होळकर पुलावर आहे." होळकर पुलावर एका वेळी इतके प्लंबर मावतात, हे त्या पुलाच्या बांधणीचं यश आहे. जानेवारीत तोच प्लंबर पहिल्या रिंगला फोन उचलतो आणि चपलेसह दारात हजर होतो. त्याला बोलवायचं सोडून आपण एम-सीलचा गोळा मळतो आणि तोटीला थापतो. एकावर एक गोळे चढून तोटी दिसेनाशी झाली, तरी पाणी आपली वाट बरोबर शोधतं. या कौशल्याविषयी लेखकाने अधिक बोलू नये, हे बरं.

तेव्हा उपाय एकच उरतो: राग साठवायचा. जुलैत डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढावी, तारीख टाकावी, फोटो काढावा आणि पौषाच्या पहिल्या रविवारी तो घरातल्या सर्वांना, न्याहारीच्या आधी, दाखवावा. संस्थांनी वार्षिक सभा हवी तर सप्टेंबरात घ्यावी, पण गच्चीच्या कामाची सभा जानेवारीत गच्चीवरच, उन्हात बसून, हुरड्यासह घ्यावी; गणपूर्तीची हमी हुरडा देईल. एक धोका मात्र आधीच सांगून ठेवलेला बरा. समजा हे सगळं झालं आणि पुढच्या पावसात खरोखरच कुठेच गळलं नाही, तर? वरच्या मजल्याचं खालच्या मजल्याशी बोलणं बंद पडेल. सभेला अध्यक्ष आणि सचिव दोघेच उरतील. भाद्रपदात पाहुण्यांना मान वर करायला कारण राहणार नाही आणि सगळं संभाषण मुलाच्या लग्नावरच येऊन ठेपेल. म्हणून दूरदृष्टीच्या संस्थांनी सगळी कामं थंडीत करावीत, पण जिन्यातला एक किरकोळ डाग ठराव करून, सर्वानुमते, राखून ठेवावा. त्याच्या देखभालीसाठी वेगळा निधी लागणार नाही.